अमेरिकेत एमएसला निघालात? आधी हरणांचं बघा

जीआरई परीक्षा झाली. मामेभावाच्या मित्राचा एसओपी, म्हणजे प्रवेशअर्जासोबतचा 'मलाच का घ्या' निबंध, मागवून त्यातलं त्याचं नाव खोडूनही झालं. आता तुम्ही एक्सेल उघडून बसला आहात. रकाने नेहमीचेच: रँकिंग, फी, थंडी, विमानतळ, भारतीय किराणा आणि खास आईच्या आग्रहाखातर 'तिथे आपलं कोणी आहे का'. एवढे रकाने आखलेत आणि हरणांचा एकही नाही? मग नोव्हेंबरात तुम्ही तिथे करणार काय? अभ्यास?

मीही रँकिंग बघूनच गेलो होतो. मिडवेस्टात, म्हणजे आयोवा-विस्कॉन्सिनच्या पट्ट्यात, सहा वर्षं काढली, त्यातली पहिली दोन या अज्ञानात वाया गेली. म्हणून सांगतो, ऐका.

आधी आयोवा बघा. तिथले शिंगाळे नर एवढे नावाजलेले की बाहेरच्या राज्यातल्या शिकाऱ्याला परवान्यासाठी सोडतीत नाव घालून वर्षानुवर्षं थांबावं लागतं. अमेरिकन वकील, दंतवैद्य या रांगेत केस पिकवतात. पण आयोवातल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात पूर्णवेळ शिकणारा आणि तिथेच राहणारा विद्यार्थी शिकारीच्या परवान्यापुरता रहिवासी धरला जातो. म्हणजे आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या एम्स गावात विद्यापीठाचा फी विभाग तुम्हाला परका म्हणून जादा फी लावणार आणि त्याच गावात वन्यजीव खातं तुम्हाला घरचा माणूस म्हणून आत घेणार. अमेरिकेत तुम्हाला कोणी इतक्या लवकर आपलं म्हटलंय का? ग्रीन कार्डाच्या रांगेतल्या आपल्या लोकांना विचारून बघा.

तुम्ही म्हणाल, आम्ही तर स्टुडंट व्हिसावर, आम्हाला बंदूक कोण देणार? शंका रास्त आहे. अशा व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हा तिथल्या केंद्रीय कायद्याने गुन्हाच आहे. मात्र त्याला मोजके अपवाद आहेत, आणि त्यातला एक म्हणजे अमेरिकेत रीतसर मिळालेला शिकारीचा परवाना. थोडक्यात, हरीण मारण्याची इच्छा कागदावर सिद्ध केलीत की सरकारचा तुमच्यावर विश्वास बसतो. कॅम्पसवर नोकरी करायची तर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांच्या वर मनाई. हरणाची वाट बघत झाडावर किती तास बसावं यावर बंधन नाही. (बंदूक घेऊन होस्टेलात जाऊ नका. तो वेगळा विषय आहे आणि त्यात पोलीस आहेत.)

विस्कॉन्सिनला जाणार असाल तर आधी शिकारसुरक्षेचा वर्ग करावा लागतो. 1973 सालापासून पुढे जन्मलेल्या प्रत्येकाला तो लागू आहे. माझ्या वर्गातली बाकी मंडळी दहा-बारा वर्षांची होती. शेजारच्या बाकावरच्या मुलीने मला अतिशय सहानुभूतीने विचारलं, "तू किती वेळा नापास झालास?" पीएचडीत हा प्रश्न मला पुढे पुष्कळ जणांनी विचारला, पण इतक्या मायेने कोणी नाही.

तिथला बंदुकीचा मोसम नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. भडक केशरी जाकीट सक्तीचं. 2016 पासून भडक गुलाबीही चालतं. शिवाय तिथल्या विद्यापीठाच्या गावाच्या, मॅडिसनच्या, आसपास हरणांना मेंदू पोखरणारा एक रोग आहे, 2002 मध्ये सापडलेला. त्यामुळे हरीण मिळालं की त्याचं मुंडकं पिशवीत घालायचं, चिठ्ठी बांधायची, तपासणीसाठी रस्त्याकडेच्या पेटीत सोडायचं आणि निकालाची वाट बघायची. जर्नलला पेपर पाठवण्याचा याहून चांगला सराव मला तरी ठाऊक नाही. इथे उत्तर येतं, एवढाच फरक.

मिशिगनचा मोसम दर वर्षी 15 नोव्हेंबरलाच उघडतो, पंचांग बघावं लागत नाही. पेनसिल्व्हेनियात तो 2018 पर्यंत सोमवारी उघडायचा आणि त्या दिवशी कित्येक शाळांना चक्क सुट्टी असायची. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही, गणपतीत आपलंही तेच.

न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या मोहात मात्र विचार करून पडा. तिथे हरणं इतकी माजली की शास्त्रज्ञांनी हरणींची नसबंदी केली. शस्त्रक्रिया यशस्वी झाली. पण पिल्लं होत नसल्याने हरणी महिन्यामागून महिना माजावर येत राहिल्या आणि त्या वासावर पंचक्रोशीतले नर कॅम्पसवर गोळा झाले. शेवटी धनुष्यबाणवाल्यांना बोलवावं लागलं. आयव्ही लीग म्हणतात ती हीच.

आणि घरची आठवण येणार असेल तर टेक्सास. तिथल्या रँचवर आपलं चितळ आणि काळवीट 1932 च्या सुमारास नेऊन सोडलं, आज त्यांचे कळपच्या कळप आहेत. ती तिथे परदेशी, म्हणून त्यांना मोसमाचं संरक्षण नाही, बारा महिने मारा. विद्यापीठाचा काउन्सेलर 'इंटरनॅशनल्सना इथे घरच्यासारखं वाटतं' असं म्हणाला की हे काळवीट डोळ्यांपुढे आणा. अडचण एकच: जमीन जवळजवळ सगळी खासगी आणि मालकाला मोजायचे पैसे असिस्टंटशिपमध्ये बसत नाहीत.

प्रबंधाचा गाइड निवडतानाही हेच बघा. फोटोत मागच्या भिंतीवर शिंगं दिसली तर नोव्हेंबरात त्याला मेल करू नका. माझ्या समितीतल्या एका गृहस्थांनी माझी तोंडी परीक्षा मोसमाच्या पहिल्या आठवड्यात 'अपरिहार्य कारणाने' पुढे ढकलली. ते कारण पुढे डिसेंबरात मी त्यांच्या घरी सॉसेजच्या रूपात खाल्लं.

मी स्वतः बसलो तो तिसऱ्या वर्षी. उणे आठ तापमान, झाडाला टेकवलेली शिडी, वर ताटाएवढी बैठक. थर्मासातला चहा झाकणात ओतेपर्यंत गार. बोटं आपली आहेत की हातमोज्याची, कळत नव्हतं. सकाळचे साडेसहा, म्हणजे साताऱ्यात संध्याकाळचे सहा. समोरच्या झाडीतून एक हरणी बाहेर आली, कान हलवत, एकेक पाय तोलून टाकत. आणि खिशात फोन थरथरला. आईचा व्हिडिओ कॉल. तो न घेण्याची हिंमत आमच्या घरात अजून कोणी केलेली नाही.

"हे केशरी काय घातलंयस? सप्ताहाला बसलास का?"

"शिकारीला," मी कुजबुजलो. "हरणाच्या."

"हरणाच्या? अरे, त्या नटाचं जोधपूरला काय झालं, वाचलं नाहीस का? वीस वर्षं कोर्टात जात होता तो. तुला तिथे वकील कोण बघून देणार?"

हरणी मान वर करून आईचं ऐकत होती.

"दाखव तरी," आई म्हणाली. मी फोन फिरवला. आईने चष्मा वर सरकवला, चेहरा स्क्रीनला भिडवला आणि बराच वेळ काही बोलली नाही.

"किती बारीक आहे रे," ती शेवटी म्हणाली. "खातोस ना वेळेवर?"