मिलिटरी सॅकच घ्या, हा सल्ला पाठीला महाग पडतो

शिकारीला, प्राण्यांच्या मागावर किंवा कॅमेरा घेऊन दिवसभर रानात जाणाऱ्यांसाठी एक संदेश सध्या खूप फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सॅक घ्यायची तर मिलिटरी पद्धतीचीच घ्या. ४० ते ४५ लिटरची, १००० डेनियर कापडाची, बाहेरून भरपूर पट्ट्या आणि खिसे असलेली. खांद्याचे पट्टे जितके जाड आणि मऊ, तितका आराम. कंबरपट्टा फक्त मुक्कामाच्या मोठ्या सॅकना लागतो. जड सामान तळाशी भरा. रंग कॅमोफ्लाजच हवा. आणि सुरुवातीला खांदे दुखले तर काळजी करू नका, अंग सरावतं.

नव्याने रानात जाऊ लागलेल्यांना सॅक निवडून द्यायला आणि ती अंगावर नीट बसवून द्यायला मी मदत करतो. हा संदेश प्रमाण मानून खरेदी केलेली माणसं संध्याकाळी खांद्यांवर वळ घेऊन परतताना दिसतात, तेव्हा वाईट वाटतं, कारण हा त्रास पूर्णपणे टाळता येण्यासारखा असतो. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

"मिलिटरी पद्धतीची म्हणजे कसाला उतरलेली"

"मिलिटरी" किंवा "टॅक्टिकल" ही कुठली चाचणी पास झाल्याची खूण नाही. तो शब्द कुणालाही कुठल्याही सॅकवर छापता येतो. बाहेरून आडव्या शिवलेल्या पट्ट्यांची रचना अमेरिकन सैन्यात १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आली. १ इंच रुंदीच्या पट्ट्या, दर दीड इंचावर टाके, त्यात वेगवेगळे पाऊच ओवून घट्ट बसवायचे. सैनिकाला आपलं सामान कामाप्रमाणे बदलावं लागतं, त्यासाठी ही उत्तम सोय आहे. पण सैनिकाच्या अंगावर चिलखती जाकीट असतं, बराच भार त्या जाकिटावर आणि कमरेच्या पट्ट्यावर वाटलेला असतो, आणि छोटी सॅक त्या सगळ्याच्या वरून चढवायची असते. म्हणून अशा अनेक छोट्या सॅकना भार पेलणारा कंबरपट्टा दिलेलाच नसतो. तुमच्या पाठीवर साधा शर्ट असतो, त्यामुळे तुमची गरजही वेगळी.

कापडाचंही तसंच. डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. १००० डेनियर म्हणजे ९ किलोमीटर धागा १ किलो भरतो, एवढाच त्याचा अर्थ. धागा जाड आहे हे त्यावरून कळतं, सॅक टिकेल का किंवा पाठीला बसेल का हे कळत नाही. दिवसभराच्या सॅकचं कापड सहसा फाटत नाही. उसवतात ते पट्ट्यांचे जोड, बिघडते ती चेन, आणि काही वर्षांनी आतलं पॉलियुरेथेनचं अस्तर चिकट होऊन सोलायला लागतं. चांगल्या विणीचं २१० ते ५०० डेनियरचं नायलॉन या कामाला पुरतं. दुकानात सॅक उलटी करून आत बघा: शिवणीच्या कडा पट्टीने झाकलेल्या आहेत का, आणि खांद्याचा पट्टा जिथे सॅकच्या अंगाला जोडलाय तिथे दाट टाक्यांच्या आडव्या ओळी घातल्यात का. एवढं पाहिलंत तर डेनियरच्या आकड्यापेक्षा जास्त समजेल.

"४०–४५ लिटर घ्या, जागा उरलेली बरी"

दिवसभराला लागतं काय? दोन-अडीच लिटर पाणी, खाणं, पावसाचं जाकीट, एक उबदार कपडा, प्रथमोपचाराची पिशवी, हेडलॅम्प, दुर्बीण, नकाशा. हे सगळं २० ते ३० लिटरमध्ये बसतं. उरलेली जागा मोकळी राहत नाही. एक तर ती "असू दे" म्हणत भरली जाते, नाही तर सामान तळाशी लोळतं आणि प्रत्येक पावलाला सॅक डावी-उजवी हेलकावते. कडाक्याची थंडी असेल किंवा लांब लेन्स न्यायची असेल तर ३५ लिटरपर्यंत जायला हरकत नाही, पण मग बाजूंनी आवळायचे पट्टे हवेत.

एक अपवाद मात्र महत्त्वाचा आहे. मोठ्या जनावराचं मांस पाठीवरून उतरवून आणायचं असतं त्या शिकाऱ्यांना ४५ लिटरची पिशवीही कामाची नाही. त्यांना ताठ फ्रेमची, सॅक आणि फ्रेम यांच्यामध्ये ओझं बांधता येणारी रचना लागते. ते वेगळंच अवजार आहे. त्याचा सल्ला सगळ्यांना सरसकट दिला की गोंधळ होतो.

"जाड मऊ पट्टे असले की कंबरपट्टा नको"

संदेशातला सगळ्यात नुकसान करणारा मुद्दा हाच आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

खांदा ही वजन वाहायला सोयीची जागा नाही. तिथे गळ्याच्या हाडाच्या मागून नसांचं एक जाळं हाताकडे जातं. त्यावर बराच वेळ दाब राहिला की बोटांना मुंग्या येतात, हात जड वाटतो, कधी बधिर होतो. जड सॅक वाहणाऱ्या सैनिकांमध्ये हे इतकं आढळलं की वैद्यकशास्त्रात त्याला रकसॅक पाल्सी असं नावच आहे. फ्रेम आणि कंबरपट्टा वापरला की त्याचं प्रमाण कमी होतं.

मऊ जाड पट्टा यावर उत्तर का नाही? मऊ फोम वजनाखाली दबून पातळ होतो. दुकानात अंगठ्याने दाबून "वा, काय गादी आहे" म्हणतो तीच गादी दोन तासांनी कागदासारखी झालेली असते आणि पट्ट्याची कड मांसात रुतते. त्यापेक्षा थोडा कडक, घट्ट फोमचा, खांद्याच्या वळणाप्रमाणे कापलेला पट्टा बरा. चिमटीत धरून जोरात दाबा. दोन बोटं एकमेकांना जाणवली तर तो पट्टा घेऊ नका.

आता कंबर. पोटाच्या दोन्ही बाजूंना हात ठेवले की बोटांना जे हाड लागतं, त्याच्या वरच्या कडेवर कंबरपट्टा मधोमध बसला पाहिजे. तिथून वजन थेट पायांत उतरतं. पण त्यासाठी दोन अटी आहेत. पट्टा रुंद आणि थोडा भरीव हवा. नुसती बोटभर नवारीची पट्टी सॅक हलू देत नाही, पण भार घेत नाही. आणि सॅकच्या पाठीत काही तरी ताठ हवं, प्लास्टिकचा पत्रा किंवा ॲल्युमिनियमची पट्टी. ते नसेल तर सॅक मधेच घडी पडून खाली बसते आणि वजन पुन्हा खांद्यांवर येतं. ३-४ किलोपर्यंत या सगळ्यावाचून चालतं. ६-७ किलो झालं, आणि पाणी, दुर्बीण, कॅमेरा मिळून ते सहज होतं, की कंबरपट्टा हवाच.

याहून मूळची गोष्ट म्हणजे पाठीची लांबी. उंची नव्हे, पाठीची लांबी. मान पुढे झुकवली की मानेच्या मुळाशी एक मणका टेंगळासारखा वर येतो. तिथून कमरेच्या त्या दोन हाडांच्या वरच्या कडा जोडणाऱ्या रेषेपर्यंत टेपने पाठीच्या वळणावरून मोजा. मोजणारा दुसरा माणूस हवा, एकट्याने नीट जमत नाही. सहा फुटी माणसाची पाठ आखूड आणि पाय लांब असू शकतात, आणि त्याच्यापेक्षा बुटक्या मैत्रिणीची पाठ त्याच्याइतकीच भरू शकते. सॅक पाठीपेक्षा लांब असली तर कंबरपट्टा हाडांखाली घसरतो. आखूड असली तर तो पोटावर चढतो आणि खांद्याचे पट्टे खाली ओढतात. मग पट्टे कितीही भारी असोत, उपयोग शून्य. बायकांसाठी बनवलेल्या सॅकमध्ये पट्ट्यांची कमान आणि कंबरपट्ट्याचा कोन वेगळा असतो. अरुंद खांद्यांच्या पुरुषांनीही त्या घालून बघाव्यात, बऱ्याचदा छान बसतात.

बांधायचा क्रमही ठरलेला आहे. आधी सगळे पट्टे सैल करा. सॅक पाठीवर घ्या, कंबरपट्टा हाडांवर बसवून आवळा. मग खांद्याचे पट्टे ओढा, पण इतकेच की ते खांद्याला लागून राहतील. शेवटी छातीचा पट्टा, गळ्याच्या हाडाखाली दोन-तीन बोटांवर, दीर्घ श्वास अडणार नाही इतका. बहुतेक लोक आधी खांदे आवळतात आणि मग कंबरपट्टा नुसता लटकत राहतो.

"जड सामान तळाशी"

जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्याच्या पात्यांच्या आसपासच्या उंचीवर हवी. ३ किलोची वस्तू पाठीपासून १० सेंटिमीटरवर असण्याऐवजी २५ सेंटिमीटरवर गेली की मागे ओढणारा जोर अडीच पट होतो, आणि तो सावरायला तुम्ही दिवसभर पुढे वाकून चालता. म्हणून पाण्याची पिशवी पाठीलगतच्या कप्प्यात, उबदार कपडा तळाशी, जाकीट वर किंवा बाहेरच्या बाजूला. याच कारणाने पाठीमागे जाळी ताणलेल्या हवेशीर सॅकबद्दलही विचार करावा: घाम कमी येतो हे खरं, पण वजन काही सेंटिमीटर मागे सरकतं.

"खिसे जितके जास्त तितकं चांगलं"

नाही. वारंवार लागणाऱ्या गोष्टींना दोन-तीन जागा पुरेत, त्यातली एक कंबरपट्ट्यावर. बाकीचे खिसे शोधाशोध वाढवतात, आणि बाहेर लटकणारे पाऊच काटेरी झुडपात अडकतात.

"रंग कॅमोफ्लाजच हवा"

इथे संदेश रंगावर सगळा जोर देतो आणि आवाजाबद्दल एक शब्द बोलत नाही. रानात नेमकं उलटं महत्त्व आहे.

हरणांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी दोनच प्रकारच्या असतात. लाल आणि नारिंगी त्यांना आपल्यासारखे भडक दिसत नाहीत. निळ्या रंगाला मात्र त्यांचे डोळे चांगले संवेदनशील असतात. म्हणजे ठळक नारिंगी आवरण हरणाला सावध करण्यापेक्षा दुसऱ्या शिकाऱ्याला तुमची जाणीव करून देतं. बऱ्याच ठिकाणी शिकारीच्या हंगामात असा रंग अंगावर असणं सक्तीचंही असतं. पाठ पूर्ण झाकणाऱ्या कॅमोफ्लाज सॅकने जाकिटाचा नारिंगी रंग मागून दिसेनासा होतो, हा धोका संदेश लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेला दिसत नाही. पक्ष्यांची गोष्ट वेगळी, त्यांची रंगदृष्टी आपल्यापेक्षा सरस असते. पण त्यांनाही आधी दिसते ती हालचाल.

आणि आवाज. हरणांचे कान आपल्या २० किलोहर्ट्झच्या मर्यादेपलीकडचंही ऐकतात. लपणात बसून तासभर श्वास सांभाळायचा आणि दुर्बीण काढताना वेल्क्रो फर्रकन उघडायचा, यात सगळी मेहनत वाया जाते. १००० डेनियरचं कडक, अस्तर लावलेलं कापड फांदीला घासलं की खरखर ऐकू येते. मऊ, लव असलेलं कापड शांत राहतं, फक्त ते पाणी पितं आणि काटे-कुसळं धरून ठेवतं, हेही माहीत असू द्या. सॅक घेण्याआधी नखाने कापडावर ओरखडा काढून ऐका. बक्कल बंद करून ऐका. रिकामी सॅक खांद्यावर घेऊन चाला. फ्रेम कुरकुरते का? चेनचे धातूचे ओढणे काढून तिथे दोरीचे फास बांधले की किणकिण थांबते.

पाऊस असेल तर कापड जाड आहे म्हणून निर्धास्त राहू नका, पाणी शिवणींतून आणि चेनमधून शिरतं. रेनकव्हर वाऱ्यात फडफडतं आणि पाठीकडची बाजू उघडीच ठेवतं. आत एक मजबूत प्लास्टिकची पिशवी घालून तिचं तोंड पीळ देऊन बंद केलं की सामान कोरडं राहतं आणि आवाजही होत नाही.

"सुरुवातीला दुखतंच, अंग सरावतं"

पाय आणि पाठीचे स्नायू चालण्याला सरावतात, हे मान्य. मापात चुकलेली सॅक मात्र सरावाने मापात येत नाही. दुखण्यातला फरक ओळखा. मांड्या भरून येणं, पाठ थकणं हे विश्रांतीने जातं. पट्ट्याखाली एकाच जागी आग होणं, कातडी लाल होऊन सोलणं, बोटांना मुंग्या येणं ही सॅकची तक्रार आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष करू नये.

विकत घेण्याआधी सॅकमध्ये तुमचंच सामान किंवा तेवढंच ६-७ किलो वजन भरून १५-२० मिनिटं घालून फिरा. जिने चढा-उतरा, बूट बांधायला वाका, दुर्बीण डोळ्याला लावा, बंदूक किंवा कॅमेऱ्याचा पट्टा खांद्यावर घ्या आणि तो सॅकच्या पट्ट्यावरून घसरतो का ते बघा. मग दोन्ही अंगठे खांद्याच्या पट्ट्यांखाली घाला: कंबरपट्टा काम करत असेल तर ते सहज आत जातात. जात नसतील तर पट्टे सैल करून पुन्हा बसवा, आणि तरीही जमलं नाही तर दुसऱ्या मापाची सॅक मागा. रानात चालताना मुंग्या आल्या तर थांबा, सॅक उतरवा, वजन कमी करून पट्टे बदला. सॅक काढल्यावरही हात बधिर राहिला किंवा पकडीतला जोर कमी वाटला, तर डॉक्टरांना दाखवा आणि तोवर ती सॅक पुन्हा पाठीवर घेऊ नका.