घासूनपुसून आणलेला इतिहास

लहानशा वस्तुसंग्रहालयात बिनपगारी राबणाऱ्या माणसाला वाळवीची भीती असते, कसरीची असते, आषाढातल्या ओलीची असते. पण काळजात धस्स होतं ते फोनवर एक गोड वाक्य ऐकलं की : "आजोबांचा हंडा देतोय तुम्हाला. काळजी नको, अगदी लख्ख घासून आणतो!"

"नका हो!" म्हणेपर्यंत फोन ठेवलेला असतो आणि तिकडे चिंच भिजत पडलेली असते.

जुनं नाशिक तांब्या-पितळेचं. भांडीबाजार, तांबट लेन ही नावं उगाच पडलेली नाहीत. त्यामुळे आमच्याकडे येतं तेही बहुतेक धातूचंच : हंडे, घंगाळं, पराती, समया, पंचपाळी आणि तांबे तर मोजायचंच सोडून दिलेलं. हंड्यात तसं नवल काही नसतं. नवल असतं त्याच्या काठाखाली. आहेराच्या भांड्यावर नाव घालून द्यायची आपली पद्धत. बारीक छिन्नीनं ठिपक्याला ठिपका जोडत कोरलेलं असतं : ‘चि. सौ. कां. अमकी हिस मामांकडून, शके १८५४’. शकात ७८ मिळवले की इसवी सन निघतो (जानेवारी ते पाडव्यामधली तिथी असेल तर ७९), म्हणजे १९३२चं लग्न. कुणाचं, कुणी दिलं, कधीकधी कुठल्या गावाहून आलं, सगळं एका ओळीत. लग्नपत्रिका घरात टिकत नाही, हंडा टिकतो.

टिकला असता, असं म्हणायला हवं. त्या ठिपक्यांची खोली नखाला जेमतेम लागेल एवढीच. चिंचेतलं आम्ल वरचा काळसर थर विरघळवतं, पावडर उरलेलं खरवडते आणि दर खेपेला थोडा थोडा धातूही पाण्याबरोबर मोरीत जातो. दर दिवाळीला हाच सोहळा चालू राहिला की आधी शके जातं, मग मामा जातात आणि उरतो एक चकचकीत हंडा, जो कुणाचाही असू शकतो. लिंबू-मिठानं घासलेल्याची कथा आणखी पुढची. मिठातलं क्लोराइड सांध्यात जाऊन बसतं आणि हवा दमट झाली की तिथून फिकट हिरवी भुकटी फुटते. पुसली तरी परत येते. असं भांडं बाकीच्यांतून बाजूला काढायचं, सिलिका जेलसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात कोरडं ठेवायचं आणि जाणकाराला दाखवायचं. एरवी मऊ ब्रशनं कोरडी धूळ झटकायची, बस. नाव वाचायचं असेल तर खोलीत अंधार करून टॉर्च भांड्याला जवळजवळ टेकवून आडवी धरायची. ठिपक्यांच्या सावल्या पडतात, अक्षरं वर येतात, मोबाइलवर फोटो काढता येतो.

हे सगळं हंडा देणाऱ्या काकूंना सांगितलं की त्या म्हणतात, "म्हणजे असा कळकटच मांडून ठेवणार? वर आमच्या नावाची चिठ्ठी?" या प्रश्नाला संवर्धनशास्त्रात उत्तर नाही.

नाण्यांना तर याहून जपावं. १९०६ साली नाशिकजवळच्या जोगलटेंभीला तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. मुळात क्षत्रप नहपानाची, पण निम्म्याहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला शिक्का पुन्हा मारलेला. खालच्या राजाचा चेहरा वरच्या राजाच्या ठशाआडून डोकावतो म्हणून कोण कुणाला हरवून बसला हे कळलं. अशी नाणी कुणी टूथपेस्टनं घासली असती तर दोन्ही घराणी एका सकाळीत संपली असती. आणि शेत नांगरताना सापडलेलं गाडगं परस्पर संग्रहालयात आणून देऊ नका, मायबाप. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, असं १८७८चा कायदा सांगतो. दहा रुपयांत आज गाडगंसुद्धा येत नाही, पण कायदा तो कायदा.

वस्तू आत आली की नोंद. बांधीव रजिस्टर, पानांवर छापील आकडे, सुटी पानं नकोत. क्रमांक असा : २०२४.७.३, म्हणजे त्या वर्षी सातव्या देणगीदारानं दिलेल्यांतली तिसरी वस्तू. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी सही. व्हाइटनर दिसला की आमच्या ज्येष्ठ सभासदांचा रक्तदाब वाढतो. हाच क्रमांक वस्तूवरही हवा. कागदावर मऊ शिसपेन्सिलीनं, मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात. कापडाला सुती फितीवर लिहून दोन टाके. धातूला, लाकडाला आधी पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक रेझिनचा ॲसिटोनमध्ये विरघळवलेला पातळ हात, तो वाळला की न पुसट होणाऱ्या शाईनं बारीक आकडे आणि वर आणखी एक हात. पुढेमागे काढायचं झालं तर ॲसिटोनच्या बोळ्यानं निघतं. कुणीतरी हमखास विचारतं, "नेलपॉलिशनं नाही का भागणार?" भागतं, काही वर्षं. मग ते पिवळं पडतं, पोपडा सुटतो आणि क्रमांकासकट केरात जातं. नंतर कुठला तांब्या कुणाचा यावर दोन घराण्यांत जे होतं ते रजिस्टरात लिहिण्यासारखं नसतं.

कागदांवरचं प्रेम त्याहून जालीम. मोडी कागदांचा रुमाल (कापडात बांधलेला गठ्ठा) घरात शंभर वर्षं माळ्यावर सुखात असतो. मग मुलगा पुण्याहून येतो, त्याला वारशाची जाणीव होते आणि तो सगळ्याला लॅमिनेशन करून टाकतो. कागद कायमचा प्लास्टिकात कोंडला जातो, बाहेर काढता येत नाही, आतल्या आत पिवळा पडत राहतो. सेलोटेपचंही तेच : पट्टी वाळून गळून पडते, डिंक मात्र कागदात मुरून तपकिरी पट्टा ठेवतो, नेमका जिथं जमिनीच्या चतु:सीमा लिहिलेल्या असतात तिथं. टाचण्या आणि स्टेपल काढायच्या, कारण गंज कागद खातो. जोड द्यायचाच तर पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची खळ, पाणी लावून परत सुटेल अशी. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालायचे. कीड दूर राहायची हे खरं, पण तांब्याच्या क्षारानं कागद ठिसूळ होतो हेही खरं.

कसर लागलेलं बाड आलं तर डांबरगोळ्या ओतून उपयोग नाही. त्या वासानं कीड फार तर शेजारच्या कपाटात राहायला जाते; माणसाचं डोकं मात्र नक्की दुखतं. खरा उपाय गारठ्याचा. बाड पॉलिथिनच्या पिशवीत घालायचं, हवा दाबून काढायची, तोंड चिकटपट्टीनं बंद करायचं आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवायचं. फ्रिजमधला बर्फाचा कप्पा चालत नाही. तिथं किडीची अंडी मरत नाहीत, नुसती झोपतात. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर बाहेरच्या हवेतलं बाष्प थंड कागदावर धरतं आणि कीड मेली तरी बुरशी लागते. काचेच्या निगेटिव्ह आणि तैलचित्रं यांना हा उपचार अजिबात नाही. आता मुद्दा असा, की संग्रहालयाकडे डीप फ्रीझर कुठला? तो एका सभासदाच्या घरी. म्हणजे वरच्या थरात मटार, मधे आइस्क्रीमचा फॅमिली पॅक आणि तळाशी कुण्या सावकाराची खतावणी, वर ठळक अक्षरांत ‘ही भाजी नाही’. त्या घरच्या वहिनींनी अट एकच घातली आहे : किडे मेले की नाही हे बघायला पिशवी त्यांच्या ओट्यावर उघडायची नाही.

दमट हवेवर फारसं लिहिण्यासारखं नाही, नुसतं सोसायचं. नाशिकला पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, ६५च्या वर ती टिकली की बुरशी धरते. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे, जमिनीपासून वीतभर वर ठेवायची, पंखा चालू आणि पावसाच्या दिवशी ‘जरा मोकळी हवा येऊ द्या’ म्हणून खिडकी उघडणाऱ्या पाहुण्यावर नजर ठेवायची.

नजर आणखी एका जागी लागते. व्हरांड्यात एक वीरगळ आहे. लढाईत पडलेल्या कुण्या वीराचा दगड. पण संग्रहालयात दगड उभा केला की तासाभरात त्याला हळदकुंकू लागतं, शनिवारी तेल. तेलावर धूळ बसते, धुळीवर पुन्हा तेल आणि कोरीव घोड्याचे पाय दिसेनासे होतात. ‘हात लावू नये’ अशी पाटी लावली, तर पाटीलाही कुंकू लागलं. आमच्या देणगीपेटीपेक्षा वीरगळीपुढे जास्त नाणी जमतात, तेव्हा तक्रार तरी कुठल्या तोंडानं करायची?

कालनिर्णयाचं तर विचारूच नका. नाशकात प्रत्येक वस्तू दोनशे वर्षांपूर्वीची असते आणि प्रत्येक वाड्यातून त्र्यंबकेश्वरला भुयार जातं. भांडण न करता तारीख शोधायची तर छापील खुणा बघाव्यात. दुकानाच्या बिलावर ‘नये पैसे’ असतील तर ते १ एप्रिल १९५७ नंतरचं आणि बहुधा १९६४च्या आसपासपर्यंतचं. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असला तर १५ ऑगस्ट १९७२च्या आधीचं ते असूच शकत नाही, मग त्यावर खुद्द पेशव्यांची सही असो.

समूहफोटोंना दुसरी रीत लागते. नावं फोटोच्या मागे बॉलपेननं लिहायची नाहीत. दाबाचा वळ पुढे उमटतो. फोटोची प्रत काढायची, तिच्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येक डोक्याची बाह्यरेषा काढायची, आत आकडे घालायचे आणि नावांची यादी वेगळी करायची. ही प्रत घेऊन दोन आजोबांना एकत्र बसवलं तर हाती काही लागत नाही.

"हा मधला बापू."

"बापू कसला! बापू तेव्हा मुंबईला. हा त्याचा साडू."

"अरे, साडूला टक्कल होतं!"

"टोपी घातलीय ना त्यानं!"

म्हणून वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या घरी विचारायचं, दोघांचीही उत्तरं सांगणाऱ्याच्या नावासकट लिहून ठेवायची, आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला कधीही सांगायचं नाही. ध्वनिमुद्रण करत असाल तर पंखा बंद आणि कुकर लावायच्या आधी. नेमका ट्राममध्ये बसल्याचा किस्सा रंगात येतो तेव्हा तिसरी शिट्टी होते.

दानपत्रावर सही आधी, चहा नंतर. ‘कायमचं दिलं, मांडायचं की नाही ते संग्रहालय ठरवेल’ ही दोन कलमं त्यात नसली की ‘ठेवायला दिलं होतं’ म्हणत नातू समई मागायला येतो, तीही घरी कार्य असताना, तिथीच्या आदल्या रात्री.

राहता राहिली गोदामाई. घाटावरच्या दुतोंड्या मारुतीवरून इथं पूर मोजतात. त्याच्या कमरेला पाणी लागलं की जुन्या नाशकात लोक छातीपर्यंत कधी येणार यावर चर्चा करत घाटावर उभे राहतात. १९६९चा पूर पाहिलेला माणूस त्यात असला तर बाकीच्यांना बोलायला मिळत नाही. संग्रहालयवाल्यांनी मात्र त्या वेळी घाटावर नसावं. आधी रजिस्टर उचलायचं, मग मोडी रुमाल, मग फोटो, मग कापड. तांब्या-पितळेला सगळ्यात शेवटी हात लावायचा, ते भिजलं तरी पुसता येतं. हा क्रम, किल्ल्या कुणाकडे आणि टेम्पो कुणाचा, एवढं एका कागदावर लिहून तो दाराच्या आतल्या बाजूला अडकवलेला आहे. एका उत्साही सभासदानं त्याला लॅमिनेशन करून आणलं. सगळ्या इमारतीत तेवढ्या एकाच कागदाला ते चालतं.