हिशेब करू नका, मालक

वस्तीवर घर बांधायचं ठरलं म्हणता. लाईटचा खांब लांब आहे, कोटेशन भरून डीपीची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची, वाट बघण्यात उमेद जाते, म्हणून वीज सूर्याची आणि पाणी स्वतःच्या रानातलं. विचार झकास आहे. आता एकच पथ्य पाळा, मालक: कागद-पेन घेऊन बसू नका. हिशेब केला की माणूस छोटी मोटर घेतो, मोजके बल्ब लावतो आणि वास्तुशांतीला आलेल्या पाव्हण्यांना दाखवण्यासारखं त्याच्याकडं काही उरत नाही.

सुरुवात बोअरपासून करा. घराचा नकाशा नंतर. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा नावाचं सरकारी खातं आहे, तिथं भूगर्भाचा अभ्यास केलेली माणसं बसतात. पण त्यांच्या तळहातावर नारळ उभा राहत नाही. पाणाड्याच्या राहतो. तो रानात दोन फेऱ्या मारेल, एका जागी नारळ ताडकन उठेल आणि तो सांगेल, "दोनशेवर पहिला झरा, साडेतीनशेला नदीच." आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या पोटात काळा कातळ आहे, पाणी असलंच तर वरच्या मुरमात नाही तर कातळाच्या भेगांत, हे त्याला विचारू नका. श्रद्धेचा अपमान होतो.

मग गाडी बोलवा. ती तामिळनाडूची असते आणि रात्रीच येते. दोनशे फुटांला फुफाटा निघाला तर घाबरून थांबू नका. खाली जाल तसा फुटाचा दर वाढतो, पण "एवढे घातलेत, आता अजून पन्नास फूट" हे वाक्य याच प्रसंगासाठी तयार झालंय. भूजलाच्या २००९ च्या कायद्यात ६० मीटरच्या खाली गेलेल्या विहिरीला खोल विहीर म्हटलंय आणि अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी ती घ्यायला मनाई आहे. पण ६० मीटर म्हणजे किती फूट, हे गाडीवाल्याला मराठीत विचारायचं कसं? सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात लोकांना हाताशी धरून तळं खोदलं, म्हणजे पाणी वरून येतं असा त्यांचा समज असावा. गाडी मिळाली असती तर एवढी माणसं गोळा करावी लागली नसती.

छपराच्या पाण्याकडं तर ढुंकून बघू नका. काही हट्टी लोक म्हणतात, एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांचं छप्पर ९३ चौरस मीटर भरतं, आपल्याकडं वर्षाला साधारण ५५० मिलिमीटर पडतो, वाया जाणारं सोडलं तरी चाळीस हजार लिटर हाताला लागतं. सरकारच्या जलजीवन योजनेच्या मापानं माणशी रोज ५५ लिटर धरलं तर चौघांचं सहा महिने भागतं. ऐकायला बरं वाटतं. पण त्यासाठी जमिनीत टाकी बांधावी लागते, आणि जमिनीतली टाकी रस्त्यावरून दिसत नाही. त्यापेक्षा उजनीवर भरवसा ठेवा. धरण शून्य टक्क्यांवर आलं तरी त्यात ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा असतो, म्हणजे शून्याच्या खाली जायला भरपूर जागा आहे. उजनी मायनसमध्ये गेली की सोलापूरकर तोंड वाकडं करतो, पण त्याच उन्हाळ्यात उसाची नवी लागण करायचं थांबत नाही. ह्याला म्हणतात धीर.

आता मोटर. चुलतभावाची पाच एचपीची असेल तर तुम्ही साडेसातचीच घ्या. चौघांना आणि दोन म्हशींना दिवसाला चार-पाचशे लिटर लागतं. तीनशे फुटांवरून हजार लिटर वर आणायला जेमतेम एक युनिट वीज लागते, हे काम लहानशी सौरमोटर दुपारी सावकाश करून मोकळी होते. टाकी उंचावर ठेवली की रात्री नळ उघडला तरी पाणी येतं, बॅटरीची गरजच नाही. इतकी स्वस्त व्यवस्था पाव्हण्यांना सांगायचीही लाज वाटते. म्हणून साडेसातची मोटर बसवा, बोअरमधलं पाणी सात मिनिटांत संपवा आणि उरलेला दिवस कंट्रोलरवर लुकलुकणारा 'ड्राय रन'चा, म्हणजे मोटर कोरडी पडल्याचा, दिवा बघा.

पॅनेल बसवताना तोंड रस्त्याकडं. जाणकार सांगतील की आपण १७-१८ अंश अक्षांशावर आहोत, तोंड दक्षिणेला करा आणि तेवढाच कल द्या. पण दक्षिणेला तुमचाच गोठा आहे, म्हशींना दाखवून काय करायचं? शेजारी कडुलिंब असेल तर तोडू नका आणि पॅनेलही सरकवू नका. एका फांदीची सावली एका पॅनेलवर पडली तरी त्या ओळीतल्या बाकीच्यांची वीज घसरते, म्हणजे झाड आणि सूर्य दोघांचाही मान राखला जातो. सोलापूरचं ऊन म्हणजे वीजच वीज, असं ठामपणे सांगत फिरा. पॅनेलवरचा आकडा २५ अंशांना मोजलेला असतो. मे महिन्यात बाहेर ४३ असतं तेव्हा काच पासष्टच्या पुढं तापते आणि दर अंशाला पाव-अर्धा टक्का वीज गळते. थंडीतल्या स्वच्छ दिवशी पॅनेल जास्त जोमानं चालतं, हे कुणाला सांगू नका, विश्वास ठेवणार नाहीत. धूळ बसली की भर दुपारी बोअरच्याच पाण्यानं धुवा. क्षाराचा पांढरा थर चढला की पॅनेल चुना लावलेल्या भिंतीसारखं उजळ दिसतं.

बॅटरीला जिन्याखालची बंद खोली द्या. चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा हायड्रोजन निघतो, पण देवघरातली समई शेजारीच असल्यानं लक्ष राहतं. १५० एएचच्या चार ट्यूब्युलर बॅटऱ्या म्हणजे कागदावर सात युनिट, आणि त्या टिकाव्या असं वाटत असेल तर त्यातली निम्मीच वापरायची. तुम्ही मात्र सगळी वापरा, पैसे पुरते दिलेत. पाणी कमी झालं तर डिस्टिल्डसाठी गावात जाऊ नका, बोअरचं घाला. साबणाला फेस येत नाही त्या पाण्याला, पण बॅटरी काही अंघोळ करत नाही. पंख्यांचंही तसंच. साधा ७५ वॉटचा असतो, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा तिसाच्या आत भागवतो. तीन पंखे दहा तास फिरले तर रोजचं सव्वा-दीड युनिट वाचतं, पण जुने पंखे तुमच्या लग्नातले आहेत. शिवाय गीझर, इस्त्री आणि घरघंटी एकदम लावल्याशिवाय इन्व्हर्टरची ताकद कळणार कशी?

अनुदानाचं विचाराल तर पीएम सूर्यघरची जाहिरात बघून धावत सुटा. तीन किलोवॅटला ७८,००० रुपये मिळतात, एवढंच वाचा. ते महावितरणच्या लाईनला जोडलेल्या सौरसाठी असतात, ही ओळ बारीक टाइपात आहे, चष्मा लागेल. उद्या खांब आलाच तर बॅटरी नसलेला ऑनग्रिड संच घ्या. लाईट गेली की तोही आपणहून बंद पडतो, लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून. छपरावर टळटळीत ऊन आणि खाली तुम्ही हातपंखा घेऊन. हा अनुभव पैसे देऊनच घ्यावा लागतो.

एवढं सगळं मनापासून केलंत तर सप्टेंबरात, आपल्याकडं पाऊस खरा पडतो तेव्हा, तीन दिवस आभाळ राहतं आणि घर अंधारात बसतं. मेमध्ये बोअर हवा मारते आणि दारात टँकर उभा राहतो. टँकरवाला विचारतो, पाणी कुठं सोडू? टाकी दुसऱ्या मजल्यावर, ती भरायला मोटर, मोटरला बॅटरी, आणि बॅटरी रात्रभर कूलरनं पिऊन टाकलेली. अशा वेळी गडबडू नका, मोहोळच्या बाजारातून डिझेल जनरेटर भाड्यानं आणा. तो जिन्याखाली मावणार नाही, फाटकाशेजारी ठेवावा लागेल. फक्त तिथली 'सौरऊर्जेवर चालणारे घर' ही पाटी काढू नका. तेवढी जनरेटरवरची ताडपत्री जरा बाजूला ओढा, अक्षरं झाकली जातात.