चार फुटी टाकीबद्दलच्या तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई,

एक स्टार देऊन तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात: टाकीची जागा आम्ही बदलायला लावली, काम महिनाभर लांबलं, आणि सोडलेले निऑन टेट्रा आठवड्यात मेले. मासे मेले ती चूक सर्वस्वी आमची, म्हणून आधी तीच.

नव्या टाकीतलं पाणी काचेसारखं दिसतं, पण माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून त्यात माशांना विषारी असा अमोनिया साठत जातो. तो संपवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर धरायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आमच्या मुलानं दहाव्या दिवशीच वीस मासे सोडले. घरच्यांना घाई होती हे खरं, पण तिथे ‘नाही’ म्हणणं आमचं काम होतं. नंतर मी अमोनिया तपासायचं टेस्ट किट लावलं, तेव्हा पिवळं राहायला हवं ते नळीतलं पाणी गडद हिरवं झालं. सतरा मासे गेले. उरलेले तीन दुकानात आणलेत, आता खाताहेत.

जागेचा निर्णय मात्र मी पुन्हा तोच घेईन. 4 × 2 × 2 फूट टाकीत सुमारे 450 लिटर, म्हणजे 450 किलो नुसतं पाणी. 12 मिलिमीटरची काच, वाळू, दगड, स्टँड धरून 600 किलोंच्या वर. घरातला स्लॅब साधारण चौरस मीटरला 200 किलो भार धरून बांधतात. एवढं वजन हॉलच्या मधोमध ठेवायला माझं मन धजावलं नाही, म्हणून भिंतीलगत बीमवर घेतली. सोफा हलवावा लागला, त्याचा तुम्हाला त्रास झाला, हे मान्य.

उशिराचं कारण: तळाच्या सांध्यातल्या सिलिकॉनमध्ये बुडबुडा दिसला. तो सांधा कापून पुन्हा भरला, आठवडाभर सुकवला, मग कारखान्यातच तीन दिवस पाणी भरून ठेवलं. बाकीचे दिवस सुताराकडे स्टँडमध्ये गेले. हे मी आपणहून फोन करून कळवायला हवं होतं. तुम्हालाच दर वेळी विचारावं लागलं, याची मला लाज वाटते.

माशांचे पैसे परत करतोय. शनिवारी मी स्वतः येतो, दुकानातल्या जुन्या टाकीतला स्पंज घेऊन. अमोनिया आणि त्यापासून बनणारं, तेवढंच घातक नायट्राइट, दोन्ही शून्य आले की पाच-सहा मासे सोडू, एकदम वीस नाही. तोवर फिल्टर रात्रीसुद्धा बंद करू नका आणि स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीननं धरलेले जिवाणूही मरतील.