"आमच्याकडे वर्षभरात कोणी पडलं नाही" हे ऐकून खुश होऊ नका

परत तो फॉरवर्ड फिरतोय, "चांगलं केअर होम पाच मिनिटांत ओळखा" वाला. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: वास येत नसेल, बेडला रेलिंग असेल, वर्षभरात एकही जण पडला नसेल, सगळे आजी-आजोबा शांत बसलेले असतील, जागोजागी सीसीटीव्ही असतील आणि भिंतीवर लायसन्स लावलेलं असेल, तर बिनधास्त अ‍ॅडमिशन घ्या. हेतू चांगलाच असणार, पण यातल्या निम्म्या खुणा उलट्याही वाचता येतात आणि दोन तर सरळ धोक्याच्या आहेत.

वासापासून सुरू करू. लघवीचा वास सतत मारत असेल तर डायपर वेळेवर बदलत नाहीत, इथपर्यंत मान्य. पण वास नाही याचा अर्थ फिनाइल भरपूर वापरतात एवढाच पण असू शकतो ना. त्यापेक्षा तुमचं माणूस अंथरुणाला खिळलेलं असेल तर त्याच्या टाचा आणि माकडहाडाची जागा स्वतः बघा. लाली दिसली आणि बोटाने दाबूनही ती जात नसेल तर बेडसोरची, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात झालीये. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, तिथे हात लावून बघायचं, आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागतंय का. आणि कूस बदलल्याचा चार्ट मागा. मी एका ठिकाणी असा चार्ट पाहिलाय की रात्री दहा, बारा, दोन, चार, पहाटे सहा, सगळ्या रकान्यांत एकाच पेनाने टिक केलेली, आणि तेव्हा घड्याळात संध्याकाळचे सात पण वाजले नव्हते! लॉबी मात्र चकाचक होती.

आता "एकही जण पडला नाही" आणि रेलिंग, हे दोन एकत्रच घेतो कारण ते एकमेकांत अडकलेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या अहवालात आहे की अशा संस्थांमध्ये राहणाऱ्या वृद्धांपैकी 30 ते 50 टक्के लोक दरवर्षी पडतात. मग एखादं होम शून्य सांगत असेल तर एक तर ते नोंदच करत नाहीत, किंवा लोकांना खुर्चीतून उठूच देत नाहीत. दुसरं जास्त वाईट आहे, कारण म्हातारपणी थोडे दिवस बसवून ठेवलं की मांड्यांची ताकद जाते, मग खरंच उभं राहता येत नाही, आणि मग स्टाफ म्हणतो बघा यांना चालता येतच नाही. रेलिंगचं पण तेच. डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) माणूस रात्री बाथरूमला जायला उठतो, रेलिंग दिसलं म्हणून थांबत नाही, त्यावरून चढतो आणि बेडच्या उंचीऐवजी रेलिंगच्या उंचीवरून पडतो. शिवाय गादी आणि रेलिंगच्या फटीत डोकं किंवा मान अडकून लोक गेलेत, अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) यावर 1995 मध्येच इशारा काढला होता. कोणाला रेलिंग लागतं, कोणाला बेड खाली घेऊन बाजूला मॅट टाकली की पुरतं, हे माणूस बघून ठरवायचं असतं. सरसकट सगळ्या बेडना रेलिंग वर केलेली दिसली तर विचारा की हे ठरवलं कोणी. आणि पडल्याची नोंदवही मागताना पुढचा प्रश्न पण विचारा, पडल्यानंतर काय बदललं? चप्पल, लाइट, औषध, काहीतरी बदललेलं असायला हवं.

शांततेचा मुद्दा वाचून मला खरंच राग आला. दुपारी चारला हॉलमधले सगळे माना टाकून बसलेत, याला शांत वातावरण म्हणायचं? डिमेन्शियाच्या पेशंटला गप्प ठेवायला अँटिसायकोटिक (गंभीर मानसिक आजारावरच्या) गोळ्या देणं ही जुनी खोड आहे, आणि त्याने अशा वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो म्हणून 2005 मध्ये एफडीएने या गटातल्या नवीन औषधांवर ठळक इशारा छापायला लावला, 2008 मध्ये जुन्यांवर पण. औषधांची यादी मागा, प्रत्येक गोळी कशासाठी आणि शेवटचं कधी तपासलं ते विचारा. गोळी नसेल तरी अचानक आलेली सुस्ती इन्फेक्शनची किंवा पाणी कमी पडल्याची खूण असू शकते, म्हातारपणी तहान लागतच नाही नीट. पाण्याचा तांब्या हात पोचेल असा ठेवलाय की खिडकीत, एवढं बघितलं तरी बरंच कळतं. वजनाची नोंद पण बघा, महिन्यात 5 टक्के वजन उतरलं तर कोणीतरी हलायला पाहिजे.

सीसीटीव्ही असू दे, पण पडलेल्याला कॅमेरा उचलत नाही आणि बाथरूममध्ये तो नसतोच, नसावाच.

लायसन्सबद्दल एवढंच की तपासणी एका दिवसाची असते, बहुतेक वेळा दिवसाउजेडी, आणि या फॉरवर्डमध्ये पण रात्रीचा विचारच नाही. कॅनडात क्यूबेकमधल्या लिल-व्हेर्त इथे जानेवारी 2014 मध्ये वृद्धांच्या निवासाला मध्यरात्रीनंतर आग लागली, 32 जण गेले. इमारतीच्या नव्या भागात स्प्रिंकलर (आग लागली की छतातून आपोआप पाणी फवारणारे) होते, जुन्यात नव्हते. म्हणून चौकशीला जाल तेव्हा हे विचारा: रात्री दोन वाजता ड्युटीवर किती जण असतात, त्यातले जागे किती, किती जणांना उचलूनच न्यावं लागेल, आणि मागचं फायर ड्रिल रात्रीच्या स्टाफला घेऊन केलं होतं का. मॅनेजर म्हणाला "बघून सांगतो", तर उत्तर लेखी मागा आणि शक्य असेल तर रात्रीच्या मावशींशी दोन मिनिटं बोलून या, मॅनेजर समोर नसताना.