पिट्सबर्ग गरीब म्हणून पायरेट्स हरतात? मुळीच नाही

कोलंबसला राहणाऱ्या माझ्या भाच्याने परवा एक लांबलचक मेसेज पाठवला. वर त्याची ओळ: 'मावशी, तू उगाच मालकाच्या नावाने बोटं मोडतेस, हे वाच आधी.' हा मेसेज इथल्या मराठी ग्रुप्सवर बरेच दिवस फिरतोय. मलाही तो आधी येऊन गेला होता आणि मी सोडून दिला होता. पण पायरेट्सचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, पॉल स्कीन्स याच्यामुळे नुकताच कुठे बेसबॉल बघायला लागलेला मुलगा तो खरा मानून बसल्यावर गप्प राहवत नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. पिट्सबर्ग छोटं शहर, म्हणून इथल्या पायरेट्स या मेजर लीग बेसबॉल टीमकडे पैसा नाही. लोक मॅचला येत नाहीत, मग मालक बॉब नटिंग यांनी खर्च कशाच्या जोरावर करायचा? तरीही 2013 ते 2015 त्यांनी टीम प्लेऑफला, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीला, नेऊन दाखवली. स्कीन्स आज ना उद्या जाणारच, छोट्या टीमला असे खेळाडू परवडत नाहीत. टीमचा जुना महान खेळाडू क्लेमेंटे याची पाटी काढली, चाहत्यांच्या नावांच्या विटा टाकल्या, याचा मीडियाने बाऊ केला. आणि शेवटी खास आपल्यासाठी: याच मालकाने दोन भारतीय मुलांना संधी दिली, तेव्हा आपण तरी त्यांना नावं ठेवू नयेत.

'लोक येत नाहीत' हे आधी घेते, कारण सगळ्यात जास्त चीड त्याची येते.

1993 ते 2012, सलग वीस सीझन ही टीम जिंकण्यापेक्षा जास्त मॅच हरली. अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळांत एवढी लांब रांग दुसऱ्या कुठल्याही टीमची नाही. त्या काळात इथे एक अख्खी पिढी शाळेत गेली, कॉलेजला गेली, नोकरीला लागली, आणि तिने घरची टीम चांगली खेळताना पाहिलीच नाही. तरीही 2013 ला 94 मॅच जिंकल्या आणि 1 ऑक्टोबरला सिनसिनाटीविरुद्ध वाइल्ड कार्डची मॅच, म्हणजे प्लेऑफची पहिलीच, आपल्या पीएनसी पार्क स्टेडियमला झाली, तेव्हा काय झालं ते बघा. चाळीस हजारांवर माणसं काळे कपडे घालून आली होती. सिनसिनाटीचा पिचर जॉनी क्वेटोच्या नावाचा सुरात घोष सुरू होता, 'क्वे-टो, क्वे-टो'. त्याच्या हातून बॉल निसटून जमिनीवर पडला, स्टेडियम दणाणलं, आणि पुढच्याच पिचवर आपल्या रसेल मार्टिनने होम रन मारला. हे ज्यांनी केलं त्यांना 'लोक येत नाहीत' म्हणता?

2015 ला जवळपास 25 लाख लोक आले, पार्कच्या इतिहासातला उच्चांक. त्यानंतर टीम उसवायला घेतली. जानेवारी 2018 मध्ये काही दिवसांच्या अंतराने पिचर गेरिट कोल ह्यूस्टनला आणि अँड्र्यू मॅककचन सॅन फ्रान्सिस्कोला दिला. मॅककचन म्हणजे या शहराचा लाडका, वीस वर्षांच्या दुष्काळातून टीमला बाहेर काढणारा. त्या वर्षी प्रेक्षक 15 लाखांच्या आत आले. क्रम नीट पाहा: आधी खेळाडू गेले, मग माणसं गेली. मेसेजने हा क्रम सरळ उलटा केलाय आणि दोष पब्लिकच्या माथी मारलाय.

बरं, ज्या पार्कला लोक येत नाहीत म्हणतात, ते बांधलं कोणी? 1997 मध्ये स्टेडियमांसाठी विक्रीकर वाढवावा का, असं मतदारांना विचारलं गेलं. त्यांनी नाही म्हणून सांगितलं. मग 'प्लॅन बी' आला, आणि पिट्सबर्ग ज्यात येतं त्या अ‍ॅलेगेनी काउंटीतल्या आधीपासूनच्या एक टक्का जादा विक्रीकरातला वाटा स्टेडियमांकडे वळवला गेला. 2001 ला पार्क उघडलं, ते बहुतांश सार्वजनिक पैशातून. इथे दुकानातून काहीही करपात्र घेतलं की बिलावर सात टक्के लागतात, सहा राज्याचे आणि एक काउंटीचा. त्या एकातला अर्धा भाग ज्या निधीत जातो, त्यातून वाचनालयं, बागा चालतात आणि स्टेडियमांचं कर्जही फिटतं. म्हणजे जो माणूस आयुष्यात एकही मॅच बघत नाही, तोही या टीमसाठी पैसे देऊन चुकलाय. एप्रिल 2025 मध्ये स्कीन्सच्या बाहुल्या फुकट वाटायच्या होत्या. वीस हजारच मागवल्या होत्या. रांगा एवढ्या लागल्या की आलेल्या सगळ्यांना बाहुली देऊ, असं क्लबला जाहीर करावं लागलं. बघण्यासारखं काही असलं की हे शहर येतं.

आता पैसा. यात अर्धं सत्य आहे आणि ते मान्य करते, मनाविरुद्ध का होईना. बेसबॉलमध्ये फुटबॉल किंवा आइस हॉकीसारखी सॅलरी कॅप, म्हणजे खेळाडूंच्या पगारावरच्या खर्चाची वरची मर्यादा, नाही. लॉस एंजेलिसच्या डॉजर्सचा स्थानिक टीव्हीचा एकटा करारच 25 वर्षांचा, 8 अब्ज डॉलरच्या वरचा. ते शोहेई ओहतानीसारख्या स्टारला 70 कोटी डॉलरचा करार देऊ शकतात, पिट्सबर्गला ते कधीच जमणार नाही. मैदान समान नाही, हे खरंच.

पण 'पैसा कमी आहे' आणि 'पैसा नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑगस्ट 2010 मध्ये डेडस्पिन या साइटने पायरेट्सचे खुद्द आतले हिशेब बाहेर काढले. क्लबने ते खोटे आहेत असं म्हटलं नाही, फक्त आपली बाजू मांडली. त्या कागदांप्रमाणे 2007 आणि 2008 या दोन वर्षांत मिळून क्लबला 2 कोटी 94 लाख डॉलर नफा झाला. ही दोन वर्षं मैदानावर कशी गेली? 2007 ला 94 हार, 2008 ला 95. आणि श्रीमंत टीमांकडून छोट्या टीमांना जो वाटा मिळतो, रेव्हेन्यू शेअरिंग, त्यातून 2008 ला एकट्या पायरेट्सला सुमारे 3 कोटी 90 लाख डॉलर मिळाले. हा वाटा द्यायचा हेतूच मुळी टीम मजबूत व्हावी हा. 2018 मध्ये खेळाडूंच्या संघटनेने, हा पैसा टीमवर खर्च होत नाही म्हणून, ज्या चार क्लबांविरुद्ध तक्रार नोंदवली त्यातही पायरेट्स होतेच.

क्लबचं तेव्हाचं उत्तर होतं की पैसा ड्राफ्टवर, म्हणजे दरवर्षी नवी मुलं निवडून घेण्यावर, आणि डोमिनिकन रिपब्लिकमधल्या अकादमीवर घातला. त्यात तथ्य आहे. त्या काही वर्षांत ड्राफ्टवर त्यांनी खरोखर सढळ हाताने खर्च केला, 2011 ला गेरिट कोलला 80 लाखांचा बोनस दिला. पण ज्याच्यावर एवढा खर्च केला तोच मुलगा ऐन भरात आल्यावर विकून टाकायचा, तर मग पेरलं कशासाठी?

आणि नटिंग कुटुंबाची वर्तमानपत्रांची साखळी आहे. सेव्हन स्प्रिंग्ज, जिथे आपली निम्मी मंडळी हिवाळ्यात मुलांना स्की शिकवायला नेतात, तेही त्यांचंच होतं. 2021 च्या अखेरीस ते आसपासच्या दोन रिसॉर्टसकट साडेबारा कोटी डॉलरला विकलं गेलं. 1996 मध्ये पायरेट्स क्लब दहा कोटींच्या आत विकला गेला होता. आज फोर्ब्सच्या अंदाजाने त्याची किंमत एक अब्जाच्या वर आहे.

छोट्या शहराचं कारण तर मिलवॉकीच्या नुसत्या नावाने निकालात निघतं. बाजारपेठ म्हणून ते पिट्सबर्गहून लहान, मेजर लीगमध्ये सगळ्यात छोटं. 2018 ते 2025 या आठ सीझनांत तिथली टीम, ब्रूअर्स, सात वेळा प्लेऑफला गेले. 2025 ला 97 जिंकून सगळ्या लीगमध्ये पहिले आले. तेही महागडे पिचर विकतात, पण बदल्यात कोण घ्यायचा ते त्यांना कळतं. आपल्याकडे 2018 ला पिचर क्रिस आर्चरसाठी टायलर ग्लास्नो, ऑस्टिन मेडोज आणि शेन बाझ असे तिघे देऊन टाकले. आर्चर इथे कधी चाललाच नाही, ग्लास्नो आज डॉजर्सकडे आहे. हा पैशाचा प्रश्न नव्हता, माणूस पारखण्याचा होता. 2019 ला मैदानावर टीम चालवणारा मॅनेजर आणि खेळाडू निवडणारा जनरल मॅनेजर दोघे गेले, नवे जनरल मॅनेजर म्हणून बेन चेरिंग्टन आले. 2021 ला 101 हार, 2022 ला 100. मे 2025 मध्ये मॅनेजर डेरेक शेल्टनला काढलं, ज्यांनी त्याच्या हातात ती टीम दिली ते चेरिंग्टन जागेवरच राहिले.

2013 ते 2015 चं श्रेय? देते. 94, 88, 98 विजय, तीन चांगली वर्षं. पण मेसेज तिथेच थांबतो. 98 जिंकल्यावर, म्हणजे जोर लावायची हीच वेळ असताना, पिचर जे. ए. हॅपला जाऊ दिलं. तो टोरंटोकडून पुढच्याच वर्षी 20 मॅच जिंकला. घरचा मुलगा नील वॉकर, इथल्याच हायस्कूलमध्ये खेळलेला, न्यूयॉर्कच्या मेट्सला देऊन टाकला. 2016 ला टीम 78 विजयांवर घसरली.

स्कीन्सचं मात्र नीट ऐका, कारण माझ्या भाच्याला सगळ्यात जास्त हेच बोचलंय. 2023 च्या ड्राफ्टमधला पहिला खेळाडू. 2024 चा सर्वोत्तम नवोदित. 2025 ला दर नऊ इनिंग्जला सरासरी 1.97 धावाच दिल्या आणि एकमताने साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा, पुरस्कार. त्याच वर्षी त्याच्या नावावर विजय किती? दहा. हार? तेवढ्याच, दहा. कारण त्याच्यामागे जी बॅटिंग उभी केली तिने सगळ्या लीगमध्ये सर्वात कमी धावा आणि सर्वात कमी होम रन काढले. सहा-सात इनिंग्ज तो एखादी धाव देऊन डगआउटमध्ये येऊन बसतो, टॉवेल खांद्यावर टाकतो, आणि आपले फलंदाज एकामागून एक परत येतात. मी हे पुन्हा पुन्हा पाहिलंय आणि दर वेळी जीव तुटतो. त्या वर्षी त्याचा पगार होता 8 लाख 75 हजार डॉलर. जगातला सर्वोत्तम पिचर एवढ्या स्वस्तात मिळालाय, तर वाचलेला पैसा बॅटिंगवर घालायला कोणती बाजारपेठ आड येते?

'जाणारच आहे' म्हणजे कधी? 2029 च्या सीझनपर्यंत तो पायरेट्सचाच आहे. घाई कोणाला आहे? आणि छोट्या टीमला तारा ठेवता येत नाही म्हणणाऱ्यांनी कॅन्सस सिटीकडे बघावं. फेब्रुवारी 2024 मध्ये रॉयल्सनी बॉबी विट ज्युनियरला 11 वर्षांसाठी 28 कोटी 87 लाख डॉलर दिले. ती बाजारपेठ पिट्सबर्गपेक्षा मोठी नाही. मिलवॉकीने जॅक्सन चौरिओला, मेजर लीगमध्ये एकही मॅच खेळायच्या आधी, 8 कोटी 20 लाखांचा करार दिला. आपल्याकडे 2023 मध्ये ब्रायन रेनॉल्ड्सला 10 कोटी 67 लाख दिले, तर तो क्लबच्या तोपर्यंतच्या इतिहासातला सर्वात मोठा करार ठरला. दीडशे वर्षांच्या आसपास जुना क्लब आहे हा. कॉनर ग्रिफिन, बबा चँडलर अशी नवी मुलं आहेत, आशेला जागा आहे. म्हणून तर संताप होतो.

क्लेमेंटेची पाटी. ज्याला हा 'बाऊ' वाटतो त्याला रॉबर्टो क्लेमेंटे कोण हे माहीत नसावं. 18 सीझन फक्त पायरेट्ससाठी, बरोबर 3000 हिट्स, आणि 31 डिसेंबर 1972 ला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान अपघातात गेला. त्याचा नंबर 21, म्हणून पार्कमधली उजवीकडची भिंत 21 फुटांची. एप्रिल 2025 मध्ये त्या भिंतीवरचं 21 चं चिन्ह काढून तिथे दारूची जाहिरात लावली. घरच्यांनी दुःख बोलून दाखवलं, तेव्हा माफी मागून चिन्ह परत बसवलं. त्याच महिन्यात पार्कबाहेरच्या विटा, ज्या पार्क होताना लोकांनी पैसे देऊन, वडिलांची, आजोबांची नावं कोरून घेतल्या होत्या, रिसायकलिंगच्या ढिगात पडलेल्या फोटोंत दिसल्या. मीडियाने काय वाढवलं यात?

आता ती दोन भारतीय मुलं. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू, नोव्हेंबर 2008 मध्ये पायरेट्सशी करार झाला, पुढच्या वर्षी फ्लोरिडात ब्रेडेंटनला अगदी खालच्या लीगमध्ये खेळले. अभिमान मलाही आहे. ज्या मुलांनी कधी बेसबॉल हातात धरला नव्हता, ती काही महिन्यांत व्यावसायिक पिचर झाली, हे कौतुक त्यांचं. पण स्पर्धा घेऊन त्यांना शोधलं एका अमेरिकन एजंटने, आणि दोघांपैकी कोणीही मेजर लीगपर्यंत पोचलं नाही. शिवाय वर्ष लक्षात घ्या: 2008. 95 हार आणि तरीही नफा, तेच वर्ष. या मुलांच्या नावाने आपल्या लोकांची तोंडं बंद करायचा प्रयत्न कोणी करू नये.

राहता राहिली सॅलरी कॅप. खेळाडूंचा आणि मालकांचा करार 1 डिसेंबर 2026 ला संपतोय, त्याआधी 'कॅप आली की सगळं सुरळीत' हे पालुपद जोरात ऐकू येईल. वरची मर्यादा हवी, माझी ना नाही. पण खालची मर्यादाही हवी, म्हणजे अमुक एवढा खर्च केलाच पाहिजे. आणि हिशेब उघडे हवेत. अटलांटा ब्रेव्ह्ज शेअर बाजारात आहेत, त्यांचे आकडे दर तिमाहीला कोणीही वाचू शकतं. पायरेट्सचे आपण शेवटचे पाहिले ते फुटलेल्या कागदांवरचे, 2008 पर्यंतचे. भाच्याला मी एवढंच लिहिलंय की तो मेसेज ज्याने तुला पाठवला, त्याला त्यानंतरचे हिशेब माग.