नदीकाठी लॉफ्ट घेणाऱ्यांस नम्र सूचना

आमच्या पुण्याच्या साडूंना कोल्हापुरात सेकंड होम पाहिजे झालंय. राहायला नको, फक्त अधूनमधून यायला. त्यामुळं गेल्या रविवारी तांबड्या-पांढऱ्याचा बेत सोडून मला त्यांच्यासोबत पंचगंगेकडेची एक जुनी तेलाची गिरणी बघायला जावं लागलं. गिरणी बंद पडून जमाना झाला, आता तिचे लॉफ्ट, म्हणजे उंच छताचे, आतनं मोकळे फ्लॅट झालेत. ‘हेरिटेज रिव्हरफ्रंट लिव्हिंग’ म्हणे. तिथून आल्यापासून डोकं जे उठलंय ते बसायला तयार नाही. तुमच्याही मनात असलं काही घ्यायचं असेल तर उपयोगी पडाव्यात म्हणून काही सूचना.

आत शिरल्यावर आधी वर बघावं आणि ‘वा’ म्हणावं. सागवानी कैच्या, मंगलोरी कौलं आणि मधे भलीमोठी पोकळी. त्या पोकळीचे पैसे तुम्हीच भरणार आहात, तेव्हा ती नीट बघून घ्यावी. तिच्यातच लोखंडी जिना लावून पोटमाळा काढलाय, झोपायचं तिथं. वाकून चढायचं, वाकूनच उतरायचं. पूर्वी हमाल तिथं पेंडीची पोती चढवायचे, पण त्यांना त्याची मजुरी मिळायची.

भिंतीला गिलावा का नाही, असं विचारू नये.

मटण शिजवायचा विचार मनातून काढावा. स्वयंपाकघराला भिंतच नाही. रविवारच्या रश्श्याचा वास गुरुवारपर्यंत गादीला येईल.

प्रकल्पाच्या महारेरा नोंदणीचा नंबर विचारला की चहा येतो. घ्यावा.

विक्रीवाला पोरगा सांगेल, परदेशात कलाकार असल्याच गिरण्यांत राहायचे. खरं आहे. न्यूयॉर्कच्या सोहो भागात कारखाने उठले तेव्हा चित्रकार तिथं शिरले. भाडं कमी, उजेड भरपूर. राहायची परवानगी नव्हती तरी राहिले. आपल्याकडं चित्रकार आबालाल रहिमान रंकाळा, कोटितीर्थ या तळ्यांच्या काठानं चित्रं काढत फकिरासारखे जगले. त्यांच्याकडं कुणी बुकिंग अमाउंट मागितली नव्हती. आज चित्रकलेच्या कॉलेजातला पोरगा या इमारतीत आलाच तर लॉबी रंगवायला येईल, तेही ठेकेदाराचा माणूस म्हणून.

आणि जुन्या गिरणीचा एवढाच सोस असेल तर आपली शाहू मिल आहे की. 1906 साली शाहू महाराजांनी पाया घातला, 2003 ला बंद पडली. शेजारी कोटितीर्थ, म्हणजे वॉटरफ्रंटसुद्धा झाला. तिथं व्हायच्या शाहू स्मारकाचं काय झालं ते मात्र विचारू नका, चांगला दिवस खराब होतो.

काळम्मावाडी धरणाच्या थेट पाईपलाईनचं पाणी येणार का, हेही विचारू नये. एवढी नदी समोर असताना?

आता त्या नदीचं. बाल्कनीतून नदी दिसते, हे त्यांनी चार वेळा सांगितलं. माहितीपत्रकात ती निळी आहे. जलपर्णी बहुतेक फोटो काढणाऱ्यानं उपटली. मी विचारलं, पाणी कुठवर येतं? पोरगा म्हणाला, “काका, इथं कधीच येत नाही.” मी याच गावचा आहे हे त्याला कुणी सांगितलं नसावं. या गिरणीच्या वजनकाट्याजवळच्या भिंतीवर डांबरानं ओढलेले पट्टे होते आणि प्रत्येक पट्ट्याशेजारी साल. 1989, 2005, 2019, 2021. गिरणी बंद पडल्यावरही इथला राखणदार ते इमानानं ओढत होता. आसपासची माणसं ते पट्टे बघून ठरवायची, फ्रीज आज वर चढवायचा का उद्या. मी ती भिंत शोधली. सापडली. मशीन लावून वीट न वीट घासलीय, वरनं चकचकीत लॅकर, खाली पिवळा दिवा. या इमारतीनं स्वतः लिहून ठेवलेला होता नव्हता तेवढा इतिहास खरवडून काढला आणि उरलेल्या विटांना हेरिटेज म्हणून चौरस फुटाचा जादा दर लावला!

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा, 43 वर धोका. जुलैत इथलं शाळकरी पोरगंसुद्धा सकाळी उठून आधी हा आकडा विचारतं. 2019 ला पाणी 55 फुटांच्या पुढं गेलं, 2021 ला 56 च्या. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे सेल्स ऑफिसला विचारून उघडत नाहीत. यावर उत्तर काय? “काका, आम्ही प्लिंथ उचललाय ना.” उचललाय म्हणजे डंपरनं मुरूम आणून नदीच्या पात्राशेजारी ओतलाय. अरे, पण तुमच्या पार्किंगमधनं हाकललेलं पाणी जाणार कुठं? ते जयंती नाल्यातनं मागं फिरतं आणि शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत शिरतं. बापट कॅम्पात शिरतं. नेमके त्याच दिवसांत तिथं गणपती रंगासाठी मांडलेले असतात. वर्षाची कमाई एका रात्रीत चिखल. निळ्या पूररेषेच्या आत नवं बांधकाम करायचं नाही, एवढा साधा नियम. तर म्हणे, इमारत जुनीच आहे, आम्ही फक्त दुरुस्ती केली. दुरुस्तीत पोटमाळे आणि पार्किंग उगवतात होय? आणि ज्यांनी हे कागद पास केले ते साहेब पुराच्या वेळी कुठल्या गावाला असतात?

बास झाली थट्टा. साडूभाऊ, तुम्हालाही सांगतो आणि वाचणाऱ्यांनाही. हायवे पाण्याखाली गेला, पेट्रोल-दूध बंद झालं, तेव्हा तुम्ही पुण्यात टीव्ही बघत होता. आम्ही शेजारच्या म्हातारीला खुर्चीत बसवून गळाभर पाण्यातनं बाहेर काढत होतो. तुम्हाला वर्षातनं चार दिवस नदी बघायची म्हणून आम्ही दर पावसाळ्यात दोन फूट जास्त पाणी घरात घ्यायचं? पैसे तुमचे आहेत, घाला कुठंही, पण तो भराव आमच्या उरावर घालू नका. टोकन दिलं असेल तर परत मागा, आणि ते घासलेले पट्टे पुन्हा ओढायला लावा. आणि एवढं सांगून घेतलाच लॉफ्ट, तर पंचनाम्याला तलाठी येईल तेव्हा तुमची गाडी बुडाली म्हणून रांगेत पुढं घुसू नका. कुंभार गल्लीतल्या माणसाच्या मागं उभं राहायचं.